सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द: गोंधळ नेमका कोणाच्या कानाचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात झाले, आता एका खासगी कार्यालयातील इंग्रजी पत्रव्यवहार आपल्याकडे आहे, आणि सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांत पुन्हा पुन्हा चूक होते. ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी काय लिहायचे, ‘स्टेशनरी’त ए की ई, ‘अफेक्ट’ की ‘इफेक्ट’, ‘कॉम्प्लिमेंटरी’मध्ये आय की ई, ‘लूज’ला ओ एक की दोन, आणि ‘लेड’ नेमके कसे लिहायचे, हे आपण विशेष करून विचारले आहे. अशा जोड्यांच्या याद्या दोनदा पाठ करूनही ऐन पत्र लिहिताना दोन्ही शब्द एकदम डोळ्यांसमोर उभे राहतात, असेही आपण लिहिले आहे.

मी सव्वीस वर्षे मराठी माध्यमातून आलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवतो आणि त्याबरोबर अनुवादाचे व मुद्रितशोधनाचे काम करतो. याद्या पाठ करून हा गोंधळ सुटलेला मी क्वचितच पाहिला आहे. याचा दोष आपल्या स्मरणशक्तीकडे जात नाही. यादी मुळात दोन शब्द शेजारी शेजारी बसवून शिकवते, त्यामुळे एक आठवला की दुसरा आपोआप आठवतो आणि शंका तेथेच जन्माला येते. यादीत दुसरीही एक मोठी गफलत असते. इंग्रजांच्या कानालाच जे शब्द सारखे लागतात ते, आणि इंग्रजांना स्पष्ट वेगळे ऐकू येतात पण आपल्या मराठी तोंडात एक होतात ते, असे दोन अगदी निराळे प्रकार ती एकाच रांगेत उभे करते. पहिल्या प्रकारावर उच्चार सुधारण्याचा काडीचा उपयोग नाही, कारण तेथे उच्चारात फरकच नाही. दुसऱ्या प्रकारात स्पेलिंग घोकण्याची गरज फारशी उरत नाही, कारण उच्चार बरोबर बसला की स्पेलिंगचा निम्मा प्रश्न आपोआप मिटतो. म्हणून कोणतीही जोडी समोर आली की आधी एवढेच विचारावे: हा गोंधळ इंग्रजीचा आहे की आपला?

‘सेल’ हा शब्द घ्या. देवनागरीत तो एकच दिसतो, पण त्यामागे इंग्रजीचे निदान चार शब्द आहेत. दुकानात लागतो तो सेल, म्हणजे विक्री. विकणे या क्रियेचा सेल. घड्याळात घालतो तो, शरीरातील पेशी आणि पोलिसांचा सायबर सेल, यांचा तिसरा सेल. चौथा म्हणजे जहाजाचे शीड. मराठी माणूस हे चारही एकाच प्रकारे म्हणतो. इंग्रजी कानाला मात्र हे दोन उच्चारांचे दोन गट आहेत. विकणे आणि पेशी यांतील ए आखूड असतो, ‘एक्का’ म्हणताना निघतो तसा. विक्री आणि शीड यांतील ए लांब असतो आणि शेवटी इ-कडे झुकतो, जवळजवळ ‘सेइल’ असा. म्हणजे या चौघांत विकणे आणि विक्री यांचा गोंधळ आपला आहे, तर विक्री आणि शीड यांचा गोंधळ इंग्रजीचा स्वतःचा आहे. पहिला तोंडाने सुटतो आणि दुसरा अर्थाने सुटतो.

हा लांब ए आणि आखूड ए आपल्या भाषेत अर्थ बदलत नाहीत, म्हणून आपला कान त्यांच्याकडे लक्षच देत नाही. लेखणी आणि वेदना, ओले आणि थांबणे, चाचणी आणि चव, कर्ज आणि तारीख या सगळ्या जोड्या याच एका कारणाने आपल्याला सारख्या वाटतात. मी विद्यार्थ्यांना आठवडाभर फक्त एवढेच करायला सांगतो की, लांब ए असलेला शब्द म्हणताना त्याच्या शेवटी हलकासा इ मुद्दाम ऐकू येऊ द्यायचा: पेइन, वेइट, टेइस्ट, डेइट. सुरुवातीला ते कृत्रिम वाटते, पण एकदा कानाला हा फरक कळला की स्पेलिंगमधील ए-आय, ए-वाय किंवा शेवटचा न उच्चारला जाणारा ई कशासाठी बसला आहे, हेही दिसू लागते. ती अक्षरे त्या लांब स्वराचीच खूण असतात.

ओच्या बाबतीतही असेच आहे, आणि तेथे चूक अधिक महाग पडते. ‘पाहिजे’ या अर्थाचा ‘वॉन्ट’ आणि ‘करणार नाही’ या अर्थाचा ‘वोउन्ट’ हे दोन्ही आपल्याकडे सर्रास ‘वॉन्ट’ असेच म्हटले जातात. एका लहान कारखान्यातील तरुण अभियंत्याचे परदेशी पुरवठादाराशी झालेले फोनवरचे बोलणे मी शेजारी बसून ऐकले आहे. त्याला माल नको होता आणि तो ठामपणे ‘वुई वॉन्ट टेक डिलिव्हरी’ असे सांगत होता. पलीकडच्या माणसाला ते ‘आम्हाला माल घ्यायचा आहे’ असे ऐकू गेले, आणि त्याने निघण्याची तारीखही सांगून टाकली. गोंधळ पुढे ईमेलने निस्तरला. येथे उच्चाराबरोबर व्याकरणही मदतीला येते. ‘पाहिजे’ वाल्या शब्दानंतर क्रियापद आले तर मध्ये ‘टु’ लागतोच, आणि नकारवाल्या शब्दानंतर क्रियापद थेट येते. त्यामुळे लिहिताना या दोघांत चूक होण्याचे कारणच नाही. बोलताना मात्र मी विद्यार्थ्यांना दुसरा शब्द टाळून सरळ ‘विल नॉट’ असे सुटे म्हणायला सांगतो. व्यवहारात सुरक्षितता महत्त्वाची आहे.

व या अक्षराच्या बाबतीत मराठीने आपल्या हाती एक उत्तम साधन दिलेले आहे, आणि ते आपण वापरत नाही याची मला खंत वाटते. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू हे दोन वेगळे ध्वनी आहेत. हिंदीत दोन्ही व-नेच लिहिण्याची रूढी आहे, तेथे ‘टीवी’ आणि ‘नवंबर’ लिहितात. मराठीने मात्र व्हीसाठी व्ह हे जोडाक्षर रूढ केले: टीव्ही, नोव्हेंबर, युनिव्हर्सिटी, व्हिडिओ. डब्ल्यूसाठी साधा व ठेवला: वॉच, वॉर्ड, वायर. म्हणजे लिहिणारा मराठी माणूस हा फरक रोज पाळतोच, फक्त इंग्रजी बोलताना तो विसरतो. ‘वेस्ट’ हा शब्द पाहा. पश्चिम, कचरा, कंबर आणि बनियन असे चार अर्थ आपल्या तोंडी या एका शब्दात येतात. कचरा आणि कंबर यांचा उच्चार इंग्रजीतही एकच आहे, वेइस्ट. पश्चिम आखूड ए-ने येते. बनियन हे मुळात व्हीने लिहितात, तेव्हा ते आपल्या लिपीत व्हेस्ट असेच लिहायला हवे. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा घासत जाऊ द्यावी, आपल्या व्ह-मधील हकार तेथे नको. डब्ल्यू म्हणताना दात मुळीच लागू नयेत, ओठांचा चंबू करून उ म्हणता म्हणता पुढच्या स्वरावर जावे. हाताचा आरसा घेऊन पाच मिनिटे सराव केला तरी फरक दिसतो, आणि जे दिसते ते पुढे ऐकूही येते.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल थोडक्यात सांगतो. राहणे आणि सोडून जाणे (लिव्ह-लीव्ह), जहाज आणि मेंढी (शिप-शीप), भरलेला आणि मूर्ख (फुल-फूल) या जोड्यांत इंग्रजीचा आखूड स्वर नुसता आखूड नसतो, तर ढिला असतो. आखूड इ किंचित ए-कडे सरकतो. तेवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आपण विचारलेला ‘लूज’ हा शब्दही दुसऱ्या प्रकारातला, म्हणजे आपल्या तोंडात एक होणाऱ्यांतला आहे, आणि तो शिकवण्यासारखा आहे. आपण मराठीत ‘लूज तेल’, ‘लूज कपडे’ असे सहज म्हणतो. ‘सैल’ किंवा ‘सुटे’ या अर्थाच्या या इंग्रजी शब्दाचा खरा उच्चार मात्र ‘लूस’ असा आहे. शेवटी स्वच्छ स आहे. शेवटी झ-सारखा ध्वनी असलेला ‘लूझ’ हा दुसराच शब्द आहे आणि त्याचा अर्थ हरवणे किंवा हरणे असा आहे. मराठी बोलण्यात सैलचा उच्चार हरवण्याच्या उच्चारावर जाऊन बसला, म्हणून स्पेलिंगमध्येही घोळ झाला. ज्याचा उच्चार लूस त्यात ओ दोन, ज्याचा उच्चार लूझ त्यात ओ एक. हरवण्याच्या शब्दाला आणखी एक आधार आहे. त्याचा भूतकाळ ‘लॉस्ट’ आणि नाम ‘लॉस’, आणि या दोन्हींत ओ एकच आहे. घरातील माणसे एका ओची आहेत, म्हणून तोही एका ओचा.

घरातील माणसे पाहण्याची ही पद्धतच पहिल्या प्रकाराचे, म्हणजे इंग्रजांच्या कानालाही सारख्या असणाऱ्या शब्दांचे मुख्य औषध आहे. मात्र त्यापूर्वी एक शंका दूर करायला हवी, कारण ती मनात असेपर्यंत माणूस मनापासून शिकत नाही. उच्चार एक आणि स्पेलिंग दोन, हा इंग्रजीचा वेडेपणा आहे, असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. तसे ते नाही. विल्यम कॅक्स्टन याने 1476 मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना उभा केला. पुढे छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले, आणि नेमक्या त्याच काळात, साधारण 1400 ते 1700 या दरम्यान, इंग्रजीचे दीर्घ स्वर आपल्या जागा सोडून सरकत होते. लिहिणे थांबले आणि बोलणे पुढे गेले. ‘पाहणे’ आणि ‘समुद्र’ हे आज दोन्ही ‘सी’ आहेत, पण स्पेलिंग ठरत होते तेव्हा त्यांचे स्वर वेगळे होते, म्हणून एकात ई दोनदा आला आणि दुसऱ्यात ई-ए आला. ‘नाइट’ म्हणजे सरदार यातील के हे अक्षर एके काळी खरोखर म्हटले जात होते. काही अक्षरे पंडितांनी नंतर घुसवली. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधील बी कोणी कधी उच्चारत नव्हते. फ्रेंचमधून बी-शिवाय आलेल्या या शब्दाला लॅटिन मूळ दिसावे म्हणून ते अक्षर जोडले गेले.

आपणही हेच करतो. ‘ऋण’ हा शब्द आपण ‘रुण’ असाच म्हणतो, ‘विष’ आणि ‘विश’ यांतील फरक आज बहुतेक तोंडांत राहिलेला नाही, तरी लिहिताना आपण ऋ आणि ष सोडत नाही. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे जल, या जोड्या आपण शाळेत शिकलो. ‘पाणिग्रहण’ या शब्दात पहिला णि आहे हे ज्याला माहीत आहे, तो तेथे दीर्घ णी लिहीत नाही, कारण तो शब्द त्याला जोडीतून आठवत नाही, कुळातून आठवतो. इंग्रजी शब्दांनाही असेच वागवावे.

आता ‘स्टेशनरी’. कागद-पेन विकणाऱ्याला इंग्रजीत ‘स्टेशनर’ म्हणतात आणि त्याच्या शेवटी ई-आर येतो, जसा बेकर किंवा ग्रोसर यांच्या शेवटी येतो. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. म्हणून दुकानातील सामानाच्या स्टेशनरीत ई आहे. एका जागी उभे असलेले वाहन ज्या शब्दाने सांगतात, त्याच्या शेवटी ए-आर-वाय आहे, कारण ते विशेषण आहे आणि प्रायमरी, सेकंडरी या विशेषणांच्या रांगेत बसते. ‘ई म्हणजे एन्व्हलप’ अशी खूण अनेक पुस्तकांत देतात. ती चुकीची नाही, पण खूण ही बाहेरून चिकटवलेली असते आणि घाईत गळून पडते. दुकानदार शब्दाच्या आतच बसलेला आहे. जाता जाता सांगतो की, या दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. मध्ययुगात बहुतेक विक्रेते फिरते असत, आणि एका ठिकाणी दुकान मांडून बसणाऱ्या विक्रेत्याला जे लॅटिन नाव होते, त्यातून हा स्टेशनर आला. स्थिर बसलेला तो स्टेशनर.

‘प्रिन्सिपल’चे उत्तरही असेच आतून मिळते. ए-एल हा शेवट नॅशनल, सेंट्रल, फॉर्मल अशा विशेषणांचा आहे, आणि ए-एल वाला प्रिन्सिपल हे मुळात ‘मुख्य’ या अर्थाचे विशेषणच आहे. महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणजे मुख्य शिक्षक, आणि कर्जातील मुद्दल म्हणजे मुख्य रक्कम. पुढचे नाम गळाले आणि विशेषण एकटेच नाम म्हणून उभे राहिले. आपल्या कार्यालयात कर्जाच्या कागदपत्रांत ‘प्रिन्सिपल अँड इंटरेस्ट’ असे येईल तेव्हा तो नेहमी ए-एल वालाच असतो. एल-ई वाला शब्द म्हणजे तत्त्व, आणि तो फक्त नाम आहे. ‘इन प्रिन्सिपल अप्रूव्हल’ म्हणजे तत्त्वतः मंजुरी, तेथे एल-ई. मनात ‘मुख्य’ किंवा ‘मुद्दल’ हा मराठी शब्द येतो की ‘तत्त्व’ येतो, एवढे तपासले की पुरे.

ही मराठीत तपासण्याची सवय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण इंग्रजीत जे शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात ते मराठीत बहुधा दूर दूर उभे असतात. ‘कौन्सिलर’ देवनागरीत लिहिला तर तो नगरसेवक आहे की समुपदेशक, हे कळत नाही. मराठी शब्द मनात आणला की शंका राहत नाही. नगरसेवक परिषदेत बसतो, आणि परिषदेच्या शब्दात सी-आय-एल आहे. समुपदेशक सल्ला देतो, आणि सल्ल्याच्या शब्दात एस-ई-एल आहे. रेल्वेतील ‘बर्थ’ आणि जन्माचा ‘बर्थ’ यांतही हेच करावे. जागेचा शब्द ई-ने, जन्माचा आय-ने. नोकरीच्या अर्जांत जन्मतारखेच्या जागी बर्थला ई लावलेला मी इतक्या वेळा पाहिला आहे की, आता वर्गात तो शब्द मी पहिल्याच आठवड्यात घेतो.

‘कॉम्प्लिमेंटरी’चेही तसेच आहे. शाळेच्या भूमितीतील कोटिकोन आपल्याला आठवत असतील, ज्या दोन कोनांची बेरीज 90 अंश होते ते. इंग्रजीत त्यांना ई वाला शब्द लावतात, कारण त्याच्या पोटात ‘कम्प्लीट’ हा शब्द दिसतो. सी-ओ-एम-पी-एल-ई. दोन कोन मिळून काटकोन पूर्ण करतात. आय वाला शब्द म्हणजे प्रशंसा, आणि त्याच सौजन्याच्या अर्थातून ‘विनामूल्य दिलेले’ हा अर्थ आला. हॉटेलातील नाश्ता, कार्यक्रमाची प्रवेशिका, दिवाळीअंकाची भेटप्रत, या सगळ्यांवर आय वाला शब्द लागतो. आपल्या पत्रांत नव्वद टक्के वेळा हाच लागेल.

‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ यांवर थोडे थांबतो, कारण येथे शिक्षकच अर्धे सांगून सोडून देतात. ए वाला क्रियापद आणि ई वाला नाम, हा नियम बहुतेक वेळा बरोबर आहे. संपामुळे मालाच्या पुरवठ्यावर परिणाम होईल, हे क्रियापदाने सांगायचे तर ए, आणि संपाचा परिणाम असे नामाने सांगायचे तर ई. मराठीत ‘परिणाम’ या शब्दाला ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडून जे तयार होते तो ए, नुसता ‘परिणाम’ राहिला तर ई. पण कार्यालयीन इंग्रजीत ई वाला शब्द क्रियापद म्हणूनही येतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘घडवून आणणे, प्रत्यक्षात करणे’ असा असतो. ‘पेमेंट इफेक्टेड’ म्हणजे रक्कम प्रत्यक्ष दिली गेली. तेथे ए लिहिला तर ‘रकमेवर परिणाम झाला’ असा भलताच अर्थ निघतो. दोन्ही शब्द ‘करणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूचे आहेत. ए म्हणजे ‘कडे’, तो कशावर तरी जाऊन काम करतो. ई हा ‘बाहेर’ या अर्थाच्या उपसर्गाचा अवशेष आहे, एक्झिट आणि एक्स्पोर्ट यांत दिसतो तोच. जे काम होऊन बाहेर पडले ते ई. एवढे एकदा समजले की, अपवाद वेगळा पाठ करावा लागत नाही.

‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’ यांत उच्चारच फरक सांगतो. स ऐकू आला तर नाम आणि सी, झ ऐकू आला तर क्रियापद आणि एस. ब्रिटिश पद्धतीत ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ या शब्दांचीही हीच वाटणी आहे, जरी तेथे उच्चार एकच असला तरी. म्हणून शंका आली की ॲडव्हाइसला साक्षीला बोलवावे. आपल्याकडच्या वाहन परवान्यावर ‘ड्रायव्हिंग लायसन्स’मध्ये सी छापलेला असतो, कारण तेथे ते नाम आहे. अमेरिकन पद्धत निराळी आहे, तेथे प्रॅक्टिस दोन्ही अर्थांनी सी-ने आणि लायसन्स दोन्ही अर्थांनी एस-ने लिहितात. आपल्या संगणकात अमेरिकन इंग्रजी निवडलेले असेल तर आपले बरोबर स्पेलिंगही लाल रेघेखाली जाऊ शकते. भाषेच्या यादीत भारतीय इंग्रजीचा पर्याय असतो, तो निवडून ठेवावा. ‘चेक’चेही असेच आहे. आपल्या 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे धनादेश-हुंडी यांसारख्या कागदांच्या कायद्यात, धनादेशाचा शब्द क्यू-यू-ई ने संपतो, आणि बँकेच्या पत्रात आपणही तसाच लिहावा. तपासणीचा चेक वेगळा.

‘इट्स’ आणि ‘देअर’ यांविषयी फार सांगत नाही. ‘इट्स’मधील टिंबासारखे दिसणारे वरचे स्वल्पविरामचिन्ह, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, गळालेल्या अक्षराची खूण आहे. ‘इट इज’ असे सुटे करून वाक्य जमले तर ते द्यावे, नाही तर देऊ नये. ‘तेथे’ या अर्थाच्या देअरमध्ये ‘हिअर’ लपलेला आहे, आणि ‘कोठे’च्या शब्दातही तोच आहे. स्थळ दाखवणारे तिघेही एका साच्याचे आहेत.

संगणक या चुका धरील, या भरवशावर राहू नये. स्पेलिंग तपासणारी सोय शब्द अस्तित्वात आहे का एवढे पाहते, आणि या जोड्यांतील दोन्ही शब्द अस्तित्वात असतातच. व्याकरण तपासणारी नवी साधने काही चुका दाखवतात, काही सोडतात. विदर्भातील एका कापूस व्यवहाराचा करार मी काही वर्षांपूर्वी तपासला होता. मसुदा तोंडी सांगून टंकलिखित झाला होता, आणि ‘पाचशे बेल’ या जागी कापसाच्या गाठीच्या शब्दाऐवजी जामिनाचा शब्द पाचही पानांवर बसला होता. संगणकाने एकही रेघ ओढली नव्हती. आपल्याकडे कापसाची एक गाठ 170 किलोंची धरतात, म्हणजे प्रश्न 85 हजार किलो मालाचा होता. खरेदीदाराच्या वकिलांनी तो कागद सही न करता परत पाठवला आणि दोन दिवस वाया गेले. अर्थ कोणालाही कळला असता, हे खरे आहे. पण करारात ‘कळला असता’ हे पुरेसे नसते.

मोठ्याने वाचून तपासण्याचा सल्ला अनेक जण देतात. इतर चुकांसाठी तो फार चांगला आहे, या चुकांसाठी मात्र निरुपयोगी आहे, कारण मोठ्याने वाचले की दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. त्याऐवजी पत्र पूर्ण झाल्यावर फक्त संशयित शब्दांवर बोट ठेवावे आणि प्रत्येकाचा मराठी अर्थ मनात म्हणावा. यासाठी एक छोटी वही ठेवावी. तिच्यात छापील यादी उतरवू नये, आपली स्वतःची प्रत्यक्ष झालेली चूकच लिहावी, तीही आपल्या पत्रातील पूर्ण वाक्यासह आणि बरोबर रूपात. चुकीचे रूप लिहून ठेवू नये, डोळा तेही लक्षात ठेवतो. एका आठवड्यात जोडीतील एकच शब्द पक्का करावा. मुद्दल पक्के झाले, हात न अडखळता ए-एल लिहू लागला, की मगच पुढच्या आठवड्यात तत्त्वाकडे वळावे. माझ्या अनुभवात माणसाच्या स्वतःच्या चुका पंधरा-वीस शब्दांपलीकडे सहसा जात नाहीत, आणि छापील यादीतील शेकडो जोड्या त्याला कधी छळतही नाहीत.

राहता राहिला ‘लेड’. नेणे किंवा नेतृत्व करणे या अर्थाच्या ‘लीड’चा भूतकाळ एल-ई-डी एवढाच आहे, तीनच अक्षरांचा. शिसे या धातूच्या शब्दात मात्र ए आहे, आणि त्याचा उच्चारही ‘लेड’ असाच आहे, म्हणून हात आपोआप ए लिहून जातो. चुकीला आणखी एक कारण आहे: वाचणे या अर्थाच्या ‘रीड’चा भूतकाळ ‘रेड’ त्याच स्पेलिंगने लिहितात, आणि लीडही तसाच असेल असे मन गृहीत धरते. तुलना रीडशी करू नये. ‘फीड’चा ‘फेड’, ‘ब्लीड’चा ‘ब्लेड’, म्हणजे भरवले आणि रक्त वाहिले, या दोघांच्या भूतकाळात जसा एकच ई उरतो, तसाच लीडच्या भूतकाळातही उरतो. आपल्या अहवालात ‘यामुळे विलंब झाला’ असे वाक्य वारंवार येत असेल, तर ‘लेड टु डिले’ हे तीन शब्द एकत्र, एका दमात, दहा वेळा हाताने लिहावेत. शिशाचा शब्द पत्रव्यवहारात लागण्याची वेळ बहुधा येणार नाही, त्यामुळे तो सध्या बाजूला ठेवला तरी चालेल.